हातात धंदा येईपर्यंत: वेल्डिंग शिकणाऱ्यांसाठी

“कोणता कोर्स केला तर लगेच काम मिळेल?” माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आधी हेच विचारते. मी वेल्डर आहे, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो आणि तिथेच नवख्यांना शिकवतो. विचारणाऱ्याच्या मागे एक घर असतं आणि त्या घराला पैसा आजच हवा असतो, हे मला ठाऊक असतं. तरीही मी कोर्सचं नाव सांगत नाही. मालक कोर्स बघत नाही, हातात रॉड (वितळून जोड भरणारी वेल्डिंगची काडी) देऊन “एक रन मार” म्हणतो, म्हणजे वेल्डची एक सलग रेघ ओढायला सांगतो. तो रन सरळ यायला सराव लागतो, आणि सरावही असा की शेजारी उभं राहून चुका दाखवणारं कुणीतरी हवं. तसा सराव कुठे मिळवायचा, तो चालू असताना घर कसं चालवायचं आणि त्यातून पहिली कमाई कशी उभी करायची, एवढंच इथे लिहितो. उदाहरणं वेल्डिंगची आहेत, कारण तेच मला पक्कं येतं. वायरिंग, प्लंबिंग, मोटार रिवाइंडिंग, शिवणकाम यांतलं काही शिकणार असाल तरी वाट बरीचशी हीच आहे.

आणि हो, हे मुलींसाठीही आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगातल्या १५ ते २४ वयाच्या दर पाच जणांत एक जण ना शिक्षणात होता, ना कामावर, ना प्रशिक्षणात. अशा तिघांत दोन मुली होत्या. वेल्डिंगमध्ये ताकदीपेक्षा स्थिर हात आणि बारीक नजर जास्त लागते. जड माल उचलायला दोघं लागतात, मग ते कुणीही असोत.

धंदा निवडण्याआधी

पहिला आठवडा फक्त बघण्यात घालवा. आपल्या आजूबाजूला काय मोडतं, काय नवीन बांधलं जातं, दुरुस्तीला कोणाला बोलावतात आणि तो माणूस किती दिवसांनी येतो, हे मोबाइलमध्ये टिपून ठेवा. ज्या कारागिराची लोकांना वाट बघावी लागते, त्या कामात आणखी हातांना जागा आहे. ज्या कामासाठी दहा जण हजर असतात, तिथे नवख्याला भाव मिळत नाही. ही साधी पाहणी कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरी माहिती देते.

मग त्या कामातल्या एखाद्या कारागिराची परवानगी घेऊन दोन दिवस नुसते उभे राहा. वेल्डिंगमध्ये उष्णता आहे, धूर आहे, तासन्‌तास वाकून बसणं आहे. दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जवळचं स्पष्ट दिसायला हवं, चष्मा लावून दिसलं तरी चालतं. वायरिंग शिकायचं असेल तर रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या, कारण तिथे तारांचे रंग ओळखण्यावर जीव अवलंबून असतो. हे दोन दिवस बघून नकोसं वाटलं तर दुसरं काम बघा. त्यात काही वाया जात नाही.

कुठे शिकायचं

संस्थेत जात असाल तर भिंतीवरचे फोटो बघू नका. दोनच प्रश्न विचारा. एका मशीनवर किती जण शिकतात? आणि एका विद्यार्थ्याला दिवसाला किती रॉड जाळायला मिळतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजा की तिथे फळ्यावरचं वेल्डिंग जास्त आहे. सरावाचा भंगार माल कुठे ठेवतात तेही बघा. जिथे मुलं खरंच शिकतात तिथे वेड्यावाकड्या रनांनी भरलेल्या, मोडून बघितलेल्या तुकड्यांचा ढीग असतो. जमलं तर तिथून शिकून गेलेल्या एखाद्याला भेटा आणि तो आज काय काम करतो ते विचारा.

पूर्ण फी आधी भरू नका. हप्ता मागा, पावती घ्या. फीसाठी व्याजाने कर्ज काढणं मला पटत नाही. हात बसायच्या आधीच हप्ता सुरू होतो आणि मग माणूस शिकणं सोडून मिळेल त्या मजुरीला जातो. हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

पैसा नसलेल्यासाठी उमेदवारी हा उत्तम रस्ता आहे, म्हणजे कारागिराच्या किंवा कारखान्याच्या हाताखाली कामही करायचं आणि शिकायचंही. जर्मनीत १९६९ च्या कायद्याने ही पद्धत बांधून दिली आहे. तिथे उमेदवार आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत असतो, आणि शिकत असतानाच त्याला पगार मिळतो. स्वित्झर्लंडमध्ये साधारण दोन तृतीयांश मुलं शालेय शिक्षणानंतर धंदेशिक्षणाकडेच वळतात आणि तिथे त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याला तशी सोय मिळो न मिळो, त्यातली एक गोष्ट आपण नक्की उचलू शकतो. ती म्हणजे लेखी करार. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ मध्ये उमेदवारीबद्दल जी शिफारस मंजूर केली, तिच्यातही लेखी करार आणि मोबदला यांवर भर आहे.

मालक लहान असेल, ओळखीचा असेल, तरी एका कागदावर चार ओळी लिहून घ्या: किती महिने, दिवसाला किती तास, हातात किती पैसे आणि अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. आणखी एक ओळ मी आग्रहाने लिहायला सांगतो: कोणत्या महिन्यात कोणतं काम शिकवणार. ही ओळ नसली की हेल्पर वर्षानुवर्षं ग्राइंडर मारत आणि माल उचलत राहतो. ग्राइंडर मारणं हेही शिकण्यासारखं काम आहे, पण तेवढ्यावर कोणी कारागीर होत नाही. दर तीन महिन्यांनी हातात एक नवीन काम यायला हवं. येत नसेल तर मालकाशी नीट बोला, आणि तरीही येत नसेल तर दुसरीकडे विचारा.

घरच्यांशीही मोकळेपणाने बोलून घ्या. “अमुक महिने मी कमी पैसे देईन, त्यानंतर एवढे द्यायला लागेन” असं ठरवून सांगितलं तर घर सहसा साथ देतं. काहीच न सांगता शिकायला गेलं की दुसऱ्याच महिन्यात कुरबूर सुरू होते. मधल्या काळात मजुरी करावीच लागली तर ती त्याच धंद्यातली शोधा: माल उतरवणं, कटिंग, रंगकाम, साइटवर फिटिंगला हात लावणं. पैसे तेवढेच मिळतील, पण डोळे आणि कान धंद्यातच राहतील.

हात बसवणं

पहिले काही दिवस मशीन चालू न करता काम करा. पत्रा वायर ब्रशने घासून चकचकीत करणं, गंज आणि रंग काढणं, अर्थिंगचा क्लॅम्प (मशीनची दुसरी तार लोखंडाला जोडणारा चिमटा) स्वच्छ जागी घट्ट बसवणं. अर्ध्याअधिक नवख्यांचा आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ठिणगी) नीट लागत नाही तो केवळ क्लॅम्प गंजावर बसलेला असतो म्हणून.

सुरुवातीला २.५ मिमीचा ६०१३ रॉड आणि ५-६ मिमी जाडीची लोखंडी पट्टी घ्या. करंट ७० ते ८५ अँपिअरच्या दरम्यान ठेवा आणि रॉडच्या पुड्यावर छापलेली मर्यादा वाचा. ६०१३ या आकड्याचा अर्थही समजून घ्या. पहिले ६० म्हणजे वेल्डची ताण सहन करण्याची ताकद, दर चौरस इंचाला किमान ६०,००० पौंड. पुढचा १ म्हणजे हा रॉड आडवा, उभा, डोक्यावर अशा सगळ्या पोझिशनमध्ये चालतो. शेवटचे दोन आकडे एकत्र वाचले की रॉडवरचं आवरण कोणतं आणि करंट कोणता ते कळतं. पुढे ७०१८ हातात येईल तेव्हा लक्षात ठेवा की त्याला ओल अजिबात चालत नाही. तो कोरडा आणि गरम ठेवावा लागतो.

आर्क लावताना रॉडचं टोक काडेपेटीवर काडी ओढावी तसं पट्टीवर ओढा आणि लगेच किंचित वर घ्या. टोक आणि पट्टी यांच्यातलं अंतर रॉडच्या जाडीएवढंच ठेवा. रॉडची वरची बाजू आपण ज्या दिशेला सरकतोय त्या दिशेला पंधरा-वीस अंश झुकलेली असू द्या. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: उजेडाकडे बघू नका, त्याच्या लगेच मागे जे वितळलेलं लोखंड आहे त्याकडे बघा. वेल्डर तेच चालवत असतो. ते किती रुंद होतंय आणि दोन्ही कडांना धरतंय का, यावरून हाताचा वेग ठरतो. हे दिसायला लागलं की पुढचं शिकणं वेगाने होतं.

पट्टीवर खडूने समांतर रेघा मारा आणि प्रत्येक रेघेवर एक रन घाला. रन झाला की थांबा, थंड होऊ द्या, चिपिंग हॅमरने स्लॅग (रनावर जमलेलं कवच) काढा, ब्रश मारा आणि रन वाचा. उंच, अरुंद आणि कडेला नुसता बसलेला दिसला तर करंट कमी आहे. पसरट असून कडेला खाच पडली असेल तर करंट जास्त आहे, आणि रॉड निम्मा संपायच्या आत लाल होत असेल तरीही तेच. आजूबाजूला थेंब उडाले असतील तर आर्क लांब राहिला. रनाला मध्येमध्ये भोकं दिसत असतील तर पट्टी घाणेरडी होती किंवा रॉड ओला होता. प्रत्येक रनाशेजारी खडूने करंट लिहा, पट्टीवर तारीख घाला आणि पट्ट्या फेकू नका. महिन्याभरापूर्वीची पट्टी आजच्या पट्टीशेजारी ठेवली की सांगणाऱ्याची गरज उरत नाही.

पट्टी भरली की टी-जॉइंटकडे वळा. एक पट्टी आडवी, दुसरी तिच्यावर उभी, दोन्ही टोकांना टॅक (जागेवर धरून ठेवणारा छोटा वेल्ड), मग फक्त एका बाजूने वेल्ड. थंड झाल्यावर आडवी पट्टी व्हाइसमध्ये आवळा आणि उभी पट्टी हातोड्याने वेल्डच्या बाजूला पाडत जा, वेल्ड फाटेपर्यंत. आता फाटलेल्या जागी आत बघा. मुळाशी, म्हणजे दोन पट्ट्या भेटतात त्या रेषेवर, पट्टीची मूळ धारदार कड जशीच्या तशी दिसत असेल तर वेल्ड तिथे पोचलाच नव्हता. बाहेरून तो कितीही देखणा असो, भार पडला की सुटणार. आत सगळीकडे सारखी, खरखरीत फाट दिसली तर वेल्ड मुळापर्यंत गेला आहे. माझ्याकडे शिकणाऱ्यांकडून मी हे दर आठवड्याला करून घेतो. आपल्याच हाताचं काम फोडून बघायला मुलं आधी कचरतात. नंतर न सांगता फोडतात आणि एकमेकांना दाखवतात. मला शिकवण्यातला तो सगळ्यात आवडता दिवस वाटतो.

आडवं जमलं की उभं, खालून वर. मग डोक्यावरचं. घाई करू नका, पण आडव्यावरच समाधान मानून थांबूही नका. साइटवर गेट, जिना, छत यांची निम्मी कामं उभीच असतात.

जीव सांभाळा

इथे मी कडक आहे. चेहऱ्यावरच्या शील्डमधल्या १० किंवा ११ नंबरच्या गडद काचेशिवाय आर्ककडे एक क्षणही बघायचं नाही. शेजारी उभं राहणाऱ्यानेही नाही. आर्कचा झोत डोळ्यांना लागला की काही तासांनी डोळे लाल होतात, टोचतात, पाणी वाहतं आणि रात्रभर झोप येत नाही. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे घाला, पॅन्टचे पाय बुटांवर येऊ द्या, सिंथेटिक नको. स्लॅग काढताना पारदर्शक काचेचा सुरक्षा चष्मा लावायलाच हवा, कारण गरम कपची थेट डोळ्यात जाते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्ड करायचं असेल तर आधी जोडावरचा मुलामा काढा आणि मोकळ्या हवेत बसा. त्याचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. ओल्या जमिनीवर, ओल्या हातमोज्यांनी काम करू नका. आणि इंधनाची टाकी, पिंप, डबा, रिकामा दिसला तरी त्यावर आर्क लावायचा नाही. आतली वाफ पेटते. मालकाने सांगितलं तरी नाही म्हणा.

माप आणि वजन

वेल्ड मारणारे पुष्कळ भेटतात. माप घेऊन, माल काढून, हिशोब सांगणारा एखादाच असतो, आणि पैसा त्याच्या हातात जातो. म्हणून पहिल्या महिन्यापासून टेप आणि गुण्या सोबत ठेवा.

एक काम पूर्ण करून दाखवतो. खिडकीची जाळी, बाहेरून १२०० बाय ९०० मिमी. चौकट २५ बाय ५ मिमीच्या पट्टीची, आत १२ मिमीचे उभे गोल गज, केंद्रापासून केंद्रापर्यंत १०० मिमी अंतरावर. १२०० मध्ये १०० चे बारा भाग, म्हणजे गज अकरा. गजाची लांबी किती कापायची? ९०० कापलीत तर गज बसणारच नाही. वरखाली पट्टीची ५-५ मिमी जाडी वजा करून ८९० कापायची. नवख्याचा माल इथेच वाया जातो.

आता वजन. गोल गजाचं एका मीटरचं वजन किलोत काढायचं असेल तर व्यासाचा मिमीतला वर्ग करून १६२ ने भागा. १२ चा वर्ग १४४, भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. अकरा गज, प्रत्येकी ०.८९ मीटर, एकूण ९.७९ मीटर, म्हणजे ८.७ किलो. पट्टीसाठी रुंदी गुणिले जाडी गुणिले ०.००७८५. २५ गुणिले ५ गुणिले ०.००७८५ म्हणजे मीटरला ०.९८ किलो. चौकटीचा घेर ४.२ मीटर, म्हणजे ४.१ किलो. एकूण १२.८ किलो. कटिंगमध्ये जाणारा पाच टक्के माल धरा, साडेतेरा किलोच्या आसपास. माल आणायच्या आधी हा आकडा तुमच्या तोंडात हवा.

चौकट जुळवताना चारही कोपऱ्यांना आधी फक्त टॅक मारा, एकदम पूर्ण वेल्ड नको. मग कर्ण मोजा. ९००, १२०० आणि १५०० ही तीन, चार, पाचाचीच जोडी आहे, त्यामुळे दोन्ही कर्ण बरोबर दीड मीटर यायला हवेत. एक जास्त आणि दुसरा कमी आला तर लांब कर्णाच्या टोकांवर हलके ठोके द्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही सारखे आले की मग वेल्ड करा, तेही एका कोपऱ्यानंतर समोरचा कोपरा घेत. वेल्ड थंड होताना आकसतो आणि चौकट स्वतःकडे ओढतो. एकाच बाजूने मारत गेलात तर जाळी वाकडी होते आणि भिंतीच्या चौकटीत जात नाही.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीचा हिशोब चांगला होता, वेल्ड मात्र बराच काळ मध्यम राहिला. माप घ्यायला मी तिलाच पाठवू लागलो. पुढे लोक थेट तिलाच बोलवायला लागले, आणि त्या कामांच्या सरावाने तिचा वेल्डही सुधारला. कोणती बाजू आधी पक्की होते हे प्रत्येकाचं वेगळं असतं. जी पक्की झाली तिच्यावर कमाई सुरू करा.

पहिली कमाई

स्वतंत्र कामं छोट्यांपासून घ्या: तुटलेलं बिजागर, हललेला कठडा, टेबलाचा पाय. दुरुस्तीत माल कमी लागतो, म्हणून खिशातून पैसे घालावे लागत नाहीत. भाव सांगताना माल, रॉड आणि ग्राइंडरची चकती, वाहतूक आणि तुमचे तास हे चार भाग वेगळे लिहून दाखवा. तासांत माप घ्यायला गेलेला वेळही धरा. मालाचे पैसे आगाऊ घ्या. त्यात संकोच नको, जुने कारागीरही तसेच घेतात. ओळखीच्या माणसाचं काम फुकट करण्यापेक्षा भाव थोडा कमी लावा, पण लावा.

प्रत्येक कामाच्या पैशातून ठरावीक वाटा हत्यारांसाठी बाजूला काढा. मशीन सगळ्यात शेवटी घ्या. आधी शील्ड, हातमोजे, टेप, गुण्या, चिपिंग हॅमर. मग ग्राइंडर. मशीन सुरुवातीला भाड्याने चालतं. महिन्यातले भाड्याचे दिवस वाढत गेले की घ्यायची वेळ झाली हे आपोआप कळतं.

प्रमाणपत्र

प्रमाणपत्राला किंमत आहे, पण ते कशाचं आहे ते बघा. कोर्स पूर्ण केल्याचा कागद वेगळा आणि वेल्डर म्हणून परीक्षा दिल्याचा वेगळा. वेल्डरच्या परीक्षेसाठीच्या आयएसओ ९६०६-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार परीक्षा देताना तुमच्यासमोर प्लेट किंवा पाइप ठेवतात, पोझिशन सांगतात, आणि तुमचा वेल्ड बघून, वाकवून, तोडून किंवा एक्स-रे काढून तपासतात. मिळालेलं प्रमाणपत्र त्या वेल्डिंग प्रक्रियेपुरतं (जसं रॉडचं वेल्डिंग), ठरावीक जाडीपुरतं आणि पोझिशनपुरतंच असतं. म्हणून फी भरण्याआधी तुम्हाला जिथे काम हवंय तिथे विचारा की कोणत्या पोझिशनची परीक्षा लागते. आडव्याची देऊन उभ्याच्या कामाला गेलात तर तो कागद चालत नाही. जे आधीच वर्षानुवर्षं काम करतायत त्यांनी पुन्हा पूर्ण कोर्स करायची गरज नाही. अनेक देशांत अनुभवाच्या आधारे थेट चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळवता येतं.

या मानकात आणखी एक अट आहे, ती बऱ्याच जणांना परीक्षा झाल्यावर कळते. प्रमाणपत्र चालू राहायचं असेल तर तुम्ही त्या प्रक्रियेत खरंच काम करत आहात, हे दर सहा महिन्यांनी जबाबदार माणसाच्या सहीने नोंदवावं लागतं. परीक्षेच्या दिवसापासूनच कामाची नोंद ठेवा: तारीख, प्रक्रिया, जाडी, पोझिशन, आणि ज्याच्याकडे काम केलं त्याची सही. सही त्याच दिवशी घ्या, कारण साइट बदलली की माणूस सापडत नाही.